भरल्या माडीतले स्पीकर

आमची गाणी मी पहिल्यांदा गाडीत ऐकली तेव्हा गाडी खांबला, हायवेच्या कडेला एका चहाच्या टपरीसमोर उभी होती आणि शेजारी आमचा ड्रमर बसला होता. गाडी त्याचीच. तो रोह्याजवळ वरशाला राहायचा, रोह्याच्या एका केमिकल कंपनीत शिफ्टला होता आणि मी पेणची. खांब दोघांनाही सोयीचं पडतं असं तो म्हणायचा. त्यालाच पडायचं. मी वडखळचा ट्रॅफिक आणि पुढचे खड्डे खात यायचे. चारही गाणी त्याने स्टिअरिंगवर हात ठेवून ऐकली. मग म्हणाला, "यात मी वाजवलंय ना? मग माझे पाय कुठं हायत?"

हेवी मेटलमध्ये ड्रमर समोरचा मोठा ड्रम दोन पेडल लावून दोन्ही पायांनी वाजवतो. त्याला आम्ही किक म्हणतो. वर गिटार कितीही करवतू दे, खाली ती किक नसेल तर गाणं म्हणजे नुसती बोंबाबोंब. आणि आमचा बँड म्हणजे आम्ही दोघंच. गिटार आणि किंचाळणं माझं, बाकी सगळं त्याचं. डावा पाय उजव्याच्या बरोबरीने चालावा म्हणून या माणसाने कंपनीच्या कँटीनमध्ये जेवताना टेबलाखाली डावा पाय आपटून वर्षं काढली होती. कँटीनवाले त्याला वेडा समजायचे. थंडीभर, त्याच्या सुट्टीच्या वारी, वरशाच्या एका नव्या बिल्डिंगमधल्या रिकाम्या गाळ्यात आम्ही त्याचे ड्रम रेकॉर्ड केले होते. वरची बिऱ्हाडं खिडकीतून शिव्या घालायची आणि आम्ही शटर ओढून घ्यायचो. एवढं करून पाय गायब झाले होते.

माझ्या हेडफोनमध्ये ते चांगले ऐकू येत होते हो. उखळात मुसळ पडावं तसे. पण हेडफोन ही जात गोडबोली. जे नाही तेही आहे म्हणून सांगणारी. गाणं मिक्स करायचं, म्हणजे कुठलं वाद्य किती पुढे आणि किती मागे हे ठरवायचं, तर खरं बोलणारे स्पीकर लागतात. त्यांना स्टुडिओ मॉनिटर म्हणतात. माझ्याकडे ते नव्हते. घ्यायचे ठरवले आणि तिथून माझ्या डोक्याला जो ताप सुरू झाला तो गणपती गेले तरी उतरला नाही.

सुरुवात रोह्यातूनच केली. हळदीला, मिरवणुकांना साउंड लावणारा एक माणूस ड्रमरच्या ओळखीचा होता. त्याने माणूसभर उंचीचे दोन डबे दाखवले. "ताई, हे लावा. हळदीत लावले तर नवरदेवाच्या छातीत धडधड होते." मी म्हटलं, मला छाती हलवणारे नकोत, माझ्या चुका दाखवणारे हवेत. त्याने विचारलं, "म्हंजे खराब वाजणारे पायजेत?" त्याला समजावायला गेले, आणि जितकं समजावलं तितकं माझं मलाच ते हास्यास्पद वाटायला लागलं. शेवटी म्हटलं, व्हय, खराब वाजणारेच पायजेत.

मग मुंबईचं एक मोठं दुकान. एसी, काच, भिंतभर स्पीकर. तिथल्या पोराने आधी विचारलं, भावासाठी बघताय का. मी स्वतःसाठी म्हटल्यावर त्याने एक गुळगुळीत प्रेमगीत लावलं. त्यात बासरी होती. बासरी कशावरही चांगलीच वाजते, त्याला काय अक्कल लागते. मी माझा पेनड्राइव्ह दिला. पहिली गिटार सुरू झाल्याबरोबर त्याने आवाज कमी केला आणि दचकून म्हणाला, "मॅडम, फाइल फाटली आहे." ती फाइल नव्हती, ती माझी गिटार होती आणि ती तशीच असते. परतीच्या एसटीत मी दात-ओठ खात बसले होते.

राहिलं इंटरनेट. तिथे उंटावरून शेळ्या हाकणाऱ्यांना तोटा नाही. कुणी म्हणे पाच इंची वूफरवाले घ्या, म्हणजे जाड आवाजाचा पडदा छोटा असलेले, छोट्या खोलीत तेच चालतात. कुणी म्हणे आठ इंचीखाली गेलात तर किक कधीच कळणार नाही. आणि सगळ्यांचं पालुपद एकच: स्पीकर नंतर घ्या, आधी तुमची खोली सुधारा. याने तर माझं टाळकंच सटकायचं. माझी खोली कशी आहे हे या लोकांना कुठून माहीत असणार?

आमचा गणपतीचा कारखाना आहे. खाली कारखाना, मागे स्वयंपाकघर, वर माडी. दिवाळीनंतर साचे बाहेर निघतात आणि मूर्ती वाढायला लागतात. आधी कारखाना भरतो, मग ओटी, मग जिना, आणि उन्हाळा संपेपर्यंत माणसांनी राहायची जागाही त्यांचीच होते. पेणमध्ये याचं कुणाला नवल नाही. मुलगी बघायला पाहुणे आले तरी मूर्ती जरा सरकवून सतरंजी टाकतात. माझी खोली माडीवर. दोन्ही बाजूंना जमिनीपासून स्लॅबपर्यंत मांडण्या, त्यांवर पांढऱ्या, अजून रंग न लागलेल्या मूर्ती, मागच्या भिंतीला मूर्ती बांधायचा पेंढा छतापर्यंत रचलेला, कोपऱ्यात काथ्याची पोती. मधे माझी खाट, एक टेबल आणि मी. सुधारायला जागा तरी होती का?

शेवटी वैतागून मी दोन्ही मागवले. पाच इंची जोडी आणि आठ इंची जोडी. एक ठेवायची, एक मुदतीत परत करायची. आषाढात खोकी आली. बाबांनी जिन्यात अडकलेली खोकी पाहिली आणि म्हणाले, "आता ही कुठं ठेवतेस? गणपतीच्या डोक्यावर?"

पाच इंची लावले. स्वच्छ, सभ्य, शिकलेले. पण त्याचे पाय त्यांत असे ऐकू यायचे की शेजारच्या घराचं दार कुणी वाजवतंय. मग आठ इंची लावले. आणि काय सांगू, डावा पाय वेगळा, उजवा पाय वेगळा, प्रत्येक ठोका येऊन समोर उभा राहायचा आणि संपायचा, पुढच्याच्या अंगावर सांडायचा नाही. गिटारच्या भिंतीमागून ती किक अशी निघून आली की माझ्या डोळ्यांत पाणी आलं. मी ताबडतोब छोटी जोडी खोक्यात भरली. छोट्या खोलीत मोठे वूफर नकोत म्हणणाऱ्यांना मनातल्या मनात चार शब्द सुनावले आणि जोडी परत पाठवून दिली.

बाबांचं म्हणणं वेगळंच होतं. मूर्तीचे हात वेगळे काढून मागाहून जोडतात, त्यामुळे वर किक सुरू झाली की ते जिना चढून यायचे आणि मांडणीवरच्या एकेका मूर्तीचा हात हलवून बघायचे. "हात निखळले तर तू जोडशील काय?" असं म्हणून परत जायचे. एकही हात निखळला नाही. तरी ते रोज यायचे.

त्या आषाढात मी चारही गाणी पुन्हा मिक्स केली. मजेत केली. कधी नव्हे ते मला कळत होतं की मी काय करते आहे. तेवढ्यात ड्रमरचा फोन आला की कंपनी त्याला गुजरातच्या प्लांटवर पाठवते आहे. गौरी-गणपती झाले की निघायचं. मी काहीतरी म्हणायचं म्हणून अभिनंदन म्हटलं. तो म्हणाला, "अभिनंदन कसलं? तिकडं मला ओळखतं कोण? जाताना आपली गाणी घेऊन जातो. मी काय वाजवत व्हतो ते निदान दाखवता तरी येईल." मी म्हटलं, देते. तुझे दोन्ही पाय देते. त्याला गाडीत ऐकवायचं होतं, पण त्याच्या प्लांटला दुरुस्तीचा शटडाऊन लागला, म्हणजे दिवसरात्र काम, आणि त्याला सुट्टीच मिळेना. मीही घाई केली नाही. शेवटचा हात नंतर फिरवू म्हटलं.

नंतर कसलं नंतर! श्रावण लागला की आमच्याकडे माणूस माणसाशी बोलत नाही. मी आखणी करते, म्हणजे मूर्तीचे डोळे. दिवसभर खाली बसून एकामागून एक डोळे काढायचे, संध्याकाळी मान सरळ होत नाही. बाहेर टेम्पो भरत होते, वरून मूर्ती उतरत होत्या, पेंढा जात होता, पोती जात होती. माडीवर मी फक्त झोपायला जायचे. गाण्यांना हात लावायला वेळ मिळाला तो एकदम चतुर्थीच्या तोंडावर.

स्पीकर लावले आणि मी हबकले. आषाढात जी किक वेगवेगळी, कोरडी पडत होती ती आता नुसती घुमत होती. डावा-उजवा कळेना. धुम्म, आणि ते धुम्म संपायच्या आत दुसरं धुम्म. मला वाटलं, हे मी करून ठेवलंय? याला मी चांगलं म्हणत होते? मला शरम वाटली आणि रागही आला, दोन्ही एकदम. मग मी बास, म्हणजे खालचा जाड आवाज, कापायला बसले. या गाण्यातून काप, त्या गाण्यातून काप, घुमणं थांबेपर्यंत काप. घरात नैवेद्याची गडबड, आई मोदक वळायला हाका मारते आहे आणि मी वर बसून माझ्याच मित्राचे पाय छाटते आहे. तेव्हा मला ते छाटणं वाटत नव्हतं. शेवटचा हात वाटत होता.

गौरी-गणपती गेल्यावर दुसऱ्या दिवशी आम्ही खांबला भेटलो. त्याच्या गाडीच्या मागच्या सीटवर बॅगा, घडी केलेली गादी आणि पोत्यात गुंडाळलेली दोन पेडलं होती. मी पेनड्राइव्ह लावला. पहिलं गाणं सुरू झालं. पाय नव्हते. हेडफोनवाल्या मिक्समध्ये निदान भास तरी होता, इथे तोही नाही. नुसत्या माझ्या गिटारी आणि माझं किंचाळणं. खाली बघितलं तर तो गाडीच्या मॅटवर दोन्ही पायांनी वाजवत होता, गाण्याबरोबर, जिथे ऐकू येत नव्हतं तिथेही बरोबर.

तो रागावला असता तर बरं झालं असतं. पण तो म्हणाला, "गिटार मस्त येते आता." थोड्या वेळाने म्हणाला, "चालंल. तू तरी किती करशील? तुलाबी कारखाना हाय." पेनड्राइव्ह त्याने वरच्या खिशात ठेवला आणि चहाचे पैसे मला देऊ दिले नाहीत. असा समजूतदारपणा मला कधीच सहन झालेला नाही. गाडी वडखळच्या बाजूला दिसेनाशी झाली तरी मी टपरीवरच उभी होते.

घरी आले ती स्पीकरवर तुटून पडले. त्यांना भिंतीजवळ नेलं, भिंतीपासून ओढलं, खाली विटा घातल्या, विटा काढल्या, गादी उभी केली, गादी माझ्याच अंगावर पडली. इंटरनेटवर विचारलं तर तीच मंडळी पुन्हा: आम्ही सांगितलं होतं ना, छोट्या खोलीत मोठे वूफर? परत करायची मुदत कधीच उलटून गेलेली. रोह्याच्या साउंडवाल्याला विचारलं, घेतोस का. तो म्हणाला, "ताई, खराब वाजतात म्हणूनच तर घेतले व्हते ना?" मी फोन ठेवला. नाचता येईना अंगण वाकडं, ही म्हण मला त्या दिवसांत उठता-बसता आठवायची आणि मी स्वतःलाच लावून घ्यायचे. कान नाहीत तुला, डोळेच काढत बस, असंही म्हणून झालं.

असाच एक दिवस. स्पीकर विकणाऱ्या कंपनीचा माणूस फोनवर होता आणि मी खोलीत उभी राहून त्याच्यावर तारस्वरात ओरडत होते. खालून आईचा आवाज आला, "हळू बोल गो! घर रिकामं हाय!"

आमच्याकडे हे दरवर्षीचं आहे. मूर्ती गेल्या की घर घुमायला लागतं. भांडं पडलं तर ओटीवरचा माणूस दचकतो. म्हणून गणपती गेल्यापासून दिवाळीनंतर पुन्हा साचे निघेपर्यंत आम्ही सगळे हळू बोलतो. बाबा शिंकायला अंगणात जातात. लहानपणी मी याच खोलीत मधोमध उभी राहून "ए!" म्हणायचे आणि खोली मला "ए!" म्हणायची. खेळ होता तो माझा. जन्मभर माहीत असलेली गोष्ट.

फोन तसाच हातात ठेवून मी एक टाळी वाजवली. टाळी चारी भिंतींना आपटत राहिली आणि बऱ्याच वेळाने विझली. आषाढात याच जागी टाळी मारली असती तर ती दोन्ही बाजूंच्या सोंडांत, पोटांत, हातांत विखरून गेली असती आणि उरलेली पेंढ्याने गिळली असती. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात, मी तर तो कळसा टेम्पोत भरून गावोगावी पाठवला होता. स्पीकर आषाढातही तेच होते आणि आताही तेच होते. आषाढात ते खरं बोलत होते. चतुर्थीला खोली बोलत होती, आणि मी खोलीचं ऐकून त्याचे पाय कापले होते. मला इतका संताप आला की मी फोनवरच्या माणसाची माफी मागायचीही विसरले.

आषाढातली गाणी मी पुसली नव्हती. माझा स्वभाव काही टाकायचा नाही, घरातली निम्मी अडगळ माझी आहे. ती गाणी काढली, पेनड्राइव्हवर घेतली. पण ऐकायची कुठे? माडीवर आता माझा विश्वास नव्हता आणि ज्याची गाडी होती तो गुजरातला. बाबा वडखळकडे कुणाच्या तरी ताडपत्र्या परत द्यायला निघाले होते. मी टेम्पोत चढून बसले. टेम्पोतला प्लेअर जुना, स्पीकर दारात बसवलेले, एकाची जाळी गेलेली. पहिलं गाणं लावलं. गिटार सुरू झाली, बाबांनी तोंड वाकडं केलं, मी बाहेर खाडीकडे बघत राहिले. आणि मग किक आली.

बाबांनी टेम्पो गपकन कडेला घेतला. "टायर गेला," म्हणाले आणि खाली उतरले. चारही चाकांना लाथा मारून बघितल्या, वाकून खाली बघितलं. मी आत बसून हसत होते आणि रडतही होते. ते परत येऊन खिडकीत उभे राहिले तोवर किक चालूच होती, दारातून, पत्र्यातून, सीटमधून. "हे तुझं हाय काय?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, "माझं नाय. त्याचं हाय." ते चढले, थोडा वेळ ऐकलं आणि म्हणाले, "मग आधी सांगायचं ना."

घरी येऊन मी गाणी त्याला पाठवली. सोबत काही लिहिलं नाही. मला काही अपेक्षाही नव्हती. खांबला दिलेलं त्याने कुणाला तरी दाखवलं असेल, त्यांनी मान हलवली असेल, झालं ते झालं.

दुपारी फोन वाजला. मी टेबलावर ठेवून तो स्पीकरवर टाकला. "अगं ऐकू येतात!" तो ओरडत होता. "दोन्ही पाय ऐकू येतात! डावाबी! मधल्या तुकड्यात डावा नुसता पळतोय बघ!" कंपनीने दिलेल्या क्वार्टरमध्ये तो एकटाच होता, सामान अजून लागलं नव्हतं, त्यामुळे त्याचा आवाज तिकडे त्याच्या रिकाम्या खोलीत घुमत होता आणि इकडे येऊन आमच्या माडीवर पुन्हा घुमत होता. मग त्याने विचारलं, "हे कधी केलंस? मग मला ते दुसरं का दिलंस गो?"

"हे आधीच केलं होतं," मी म्हटलं. "नंतर खोली रिकामी झाली."

त्याला यातलं काय कळलं कोण जाणे. तो पुन्हा तेच गाणं लावून त्याच्यावर ओरडायला लागला, आता हे ऐक, आता हे, आणि मधेच फरशीवर त्याचे पाय वाजायला लागले, अनवाणी, गाण्याच्या बरोबर. आमच्या सगळ्या घरात ते घुमत होते. खालून आईने हाक मारली, "हळू गो, हळू!" मी उठून दार लावून घेतलं. त्याला मात्र हळू बोल म्हटलं नाही.